मान्यता देणार

६ फेब्रुवारी, सोमवार

ठेंगू,

आशीर्वाद लिहावेत की नाही, यावर थोडा विचार केला. लिहिते. आशीर्वादाला खर्च येत नाही, आणि देवासमोर बसणाऱ्या बाईने कोणाचं वाईट चिंतू नये. बाकी गोड काही अपेक्षा ठेवू नकोस.

अकरा वर्षांनी लिहिते आहे म्हणजे काम तसंच आहे, आणि ते काम तूच काढलंस. घराचा दस्त करून नोंदणी कार्यालयात नोंदवून टाकायचा आणि तुझं-माझं सामाईक एकदाचं मिटवायचं, असा तुझा निरोप मिळाला. निरोप ह्यांच्याकडे, माझ्याकडे नाही. बहिणीशी बोलायला तुझी जीभ झडते, दाजींशी मात्र फोनवर गुळपीठ. मला तुझा नंबरही ठाऊक नाही. तो ह्यांच्याकडेच असतो. असो. फोनपेक्षा कागद बरा. बोललेलं उडून जातं, लिहिलेलं दाखवता येतं.

दस्ताचं पहिलं पान ह्यांनी काल घरी आणलं. बाकीची टाइप व्हायची आहेत म्हणाले, आणि तेवढ्यात पेनही पुढे केलं. मी म्हटलं, किराणावाल्याचं बिलसुद्धा मी वाचल्याशिवाय घेत नाही. मॅट्रिक झाले आहे मी, तुम्ही लोक विसरता. वाचलं. वर तीन नावं आहेत आणि प्रत्येकापुढे त्याचं काम. तू 'लिहून देणार'. हे 'लिहून घेणार'. मी 'मान्यता देणार'.

याचा अर्थ मला कोणी सांगायला नको. शाळेत बाई शुद्धलेखन सांगायच्या, आपण लिहून घ्यायचो, आणि हेडमास्तर तपासून सही करायचे. तसंच हे. तू सांगणार. हे लिहून घेणार. कापडाच्या दुकानात मालक सांगेल ते लिहून घेण्यातच त्यांचा जन्म गेला, त्यांना सवय आहे. आणि शेवटी माझी मान्यता. हे म्हणालेसुद्धा, "तुझ्या मान्यतेशिवाय कागद हलायचा नाही." तेव्हा हेडमास्तर मी आहे, हे ध्यानात असू दे.

म्हणून सरळ विचारते. काय लिहायला सांगितलंयस तू?

अर्धं घर तुझं, अर्धं माझं, हे वडिलांनीच करून ठेवलं. तुझ्या अर्ध्यावर मी कधी डोळा ठेवला नाही. पण माझ्या अर्ध्यातली एक वीटही मी सोडणार नाही, कारण मला दुसरं छप्पर नाही. मूलबाळ नाही, ह्यांच्याकडचं कोणी विचारत नाही. हे घर गेलं तर म्हातारपणी मी कुणाच्या तरी व्हरांड्यात वळकटी टाकून बसायचं का? "घरासाठी म्हाताऱ्याला सांभाळलंस," असं तू वडील गेल्यावर दहा माणसांत म्हणाला होतास. तेव्हा मी गप्प बसले. या वेळी बसणार नाही.

उत्तर मलाच लिही. हे नाक्याकडे निघालेत, त्यांच्याकडे पत्र टाकायला देते.

— ताई


१७ फेब्रुवारी, शुक्रवार

ठेंगू,

उत्तर नाही. न लिहिणं हेही उत्तरच असतं म्हणा.

पण पाय मात्र तुझे इथवर चालतात, असं दिसतं. खालच्या शिंप्याने मला काल सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुमचे भाऊ गेल्या आठवड्यात समोरच्या फुटपाथवर उभे होते. वर बघत होते. मी हाक मारली तर चालायला लागले." मी म्हटलं, दुसरा कोणी असेल. तर म्हणतो, "एवढा ताडमाड माणूस आणि त्याला ठेंगू म्हणणारं घर या गल्लीत दुसरं नाही." वर हसला. मला हसू आलं नाही.

ह्यांना विचारलं. आधी म्हणाले, माहीत नाही. मग जेवता जेवता म्हणाले, हो, आला होता. नोंदणी कार्यालयात साहेबांपुढे उभा राहून कबुली देऊन गेला, त्याचं काम झालं, आता फक्त तू राहिलीस. सगळ्यांनी एकाच दिवशी यायला पाहिजे असं नसतं म्हणे. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तुला त्रास होईल म्हणून."

आता मला सांग, घरासमोर उभा राहून काय मोजत होतास? खिडक्या? मजले? वर किती चढवता येतील याचा अंदाज? बहीण वर स्वयंपाकघरात असते हे ठाऊक असून जिना चढला नाहीस, म्हणजे माझ्या डोळ्याला डोळा देण्यासारखं काही केलेलं नाहीस. चोराच्या मनात चांदणं.

हे बिचारे मधल्या मध्ये भरडले जाताहेत. तू सांगतोस, हे लिहून घेतात. रोज कार्यालयात हेलपाटे. वैतागतील वाटलं होतं, पण उलट मजेत आहेत. परवा आडवारी दाढी केली. दाराची बिजागरी वर्षानुवर्षं कुरकुरायची, तिला आपणहून तेल घातलं. सुताराला बोलावून दारावर पाटीसाठी माप घेतलं. मी म्हटलं, पोस्टमनला घर पाठ आहे, पाटी कशाला? तर म्हणाले, "घराला नाव असावं." बरं, असावं. लाकडाचा तुकडा घरातलाच होता म्हणून मी पुढे बोलले नाही.

दस्ताची बाकीची पानं अजून घरी आलेली नाहीत. मागते तेव्हा ती कुठे तरी असतात. दस्त लिहिणारीकडे, झेरॉक्सला, साहेबांच्या टेबलावर. पानांना पाय फुटलेत. यातही तुझाच हात असणार. पूर्ण वाचून सही करीन ही भीती तुला, दुसऱ्या कुणाला असेल?

हे पत्रही ह्यांच्याकडेच देते. पोचल्याचं तरी कळव.

— ताई


२८ फेब्रुवारी, मंगळवार

ठेंगू,

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकते आहे. ह्यांना उगीच त्रास कशाला. पत्ता तुझ्या लग्नाच्या आमंत्रणावरून काढला. उत्तर खालच्या शिंप्याच्या नावावर पाठव. का ते विचारू नकोस. तो विश्वासाचा आहे. बडबड्या आहे, पण बडबडे लोक चोरून काही करू शकत नाहीत.

आज हे आंघोळीला गेल्यावर मी भाजी आणते म्हणून निघाले आणि नोंदणी कार्यालयात गेले. इतकी वर्षं त्या रस्त्याने जाते, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. बाहेर पत्र्याच्या छपराखाली दस्त लिहिणाऱ्यांची टेबलं आहेत. कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकाने दगड ठेवलेला, डिंकाच्या बाटल्या, साखळीने बांधलेली पेनं. आपला दस्त एका बाईकडे आहे एवढं मला ठाऊक होतं, आणि बाई तिथे एकच होती. तोंडात सुपारी, बोटं मशीनवर. मी कोण ते सांगितलं, तर निरखून बघत म्हणाली, "म्हणजे जावईबापूंच्या मंडळी तुम्ही. या. आज तरी पायाला लागलेली मेंदी वाळली म्हणायची."

मला समजेना. तर हे तिला सांगत आले होते, की बायकोचे गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही, म्हणून कागद घरी नेऊन सही आणली तर चालेल का. माझे गुडघे, ठेंगू! रोज दोन बादल्या गच्चीवर मीच नेते.

मी म्हटलं, मला सगळी पानं वाचायची आहेत. तिने दगड उचलला आणि दिली. त्यात काही लपवलेलं नव्हतं, तिच्याकडून पानं कधी हललीच नव्हती. मी बाकावर बसून वाचली. भाषा अशी, की एक वाक्य पान ओलांडून जातं. तरी जे समजलं त्यावर विश्वास बसेना. खात्री करायची म्हणून तिला विचारलं, लिहून देणार म्हणजे जो सांगतो तो ना?

तिने मशीन थांबवलं. म्हणाली, "अहो, हे काय शुद्धलेखन आहे? लिहून देणार म्हणजे ज्याचं घर जातं तो. लिहून घेणार म्हणजे ज्याला घर येतं तो."

"आणि मान्यता देणार?"

"त्याचंही जातं. फक्त मानाने जातं."

मग तिने बोट ठेवून दाखवलं. तू तुझा अर्धा वाटा ह्यांना बक्षीस देतोस. आणि 'मान्यता देणार यांचा सदर मिळकतीत जो काही हक्क, हिस्सा, अधिकार असेल तो त्यांनी खुशीने सोडून दिला आहे' असं पुढे आहे. खुशीने. म्हणजे सगळं घर ह्यांचं, आणि मी त्यात कोण? हेडमास्तर म्हणून मिरवत होते, आणि शाळाच विकली गेली होती.

बाई म्हणाली, रोज एक तरी बाई या शब्दावर सही करून जाते, शब्द कानाला मोठा लागतो ना. मग पाण्याचा तांब्या पुढे केला. मी प्यायले नाही, पण तिने विचारलं हे लक्षात राहिलं.

आता तुला विचारते. घर तुझं-माझं, आणि तू ते ह्यांना बक्षीस देतोस? ह्यांनी तुझं असं कोणतं भलं केलं? जो भाऊ बहिणीला आशीर्वादासाठी वाकत नाही, तो दाजींना अर्धं घर देतो, हे कुठल्या हिशेबात बसतं? घर ह्यांच्या नावावर गेलं की पुढे तुमचं दोघांचं काय ठरलंय? मला बाहेर काढायचं, आणि मग?

तुझ्यावर संशय घ्यायची मला सवय आहे, ते सोपं जातं. पण आज भाजी न घेताच घरी आले आणि ह्यांनी विचारलं, "भाजी?" मी म्हटलं, मिळाली नाही. लग्नानंतर ह्यांच्याशी सरळ तोंडावर खोटं बोलले ती ही पहिली वेळ, आणि त्यांनी ते लगेच खरं मानलं.

ह्यांना अजून काही विचारलेलं नाही. आधी तू बोल.

— ताई


१३ मार्च, सोमवार

ठेंगू,

तुझं पत्र शिंप्याने शिवलेल्या सदऱ्याच्या घडीत घालून वर पाठवलं. चार ओळी. अकरा वर्षांच्या चार. इतकी काटकसर मीसुद्धा करत नाही.

तू लिहितोस, माझं हेच पहिलं पत्र. म्हणजे आधीची दोन पोचलीच नाहीत. हे दर वेळी आल्यावर म्हणायचे, टाकलं हो, पेटीत पडल्याचा आवाजसुद्धा ऐकला. आवाज ऐकला! एवढं तपशिलात जाऊन कोण सांगतं? तेव्हाच माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं.

तू लिहितोस, दाजींनी मला सांगितलं की ताईला तुझ्याबरोबर कागदावर एका ओळीत नाव नको आहे. तुझा वाटा माझ्या नावे कर, म्हणजे तिला तुझं तोंड बघावं लागणार नाही, असं ती म्हणते. तू लिहितोस, रागाने आलो आणि रागाने सही करून गेलो. आणि फुटपाथवर उभा होतो ते खिडकीत दिसतेस का बघायला.

यातलं किती खरं मानू? तू लहानपणीही रडून पटवण्यात पटाईत होतास. हे म्हणतात तुझा आग्रह, तू म्हणतोस माझा. आग्रह तर मी केला नाही. म्हणजे दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, आणि दोघंही माझे. असा हिशेब मी कधी मांडला नव्हता.

म्हणून काल एक केलं. पोळ्या लाटताना पाठमोरीच म्हटलं, ठेंगू आला असता तर बरं झालं असतं, समोरासमोर बोललो असतो. हे म्हणाले, "तो तुझं नाव काढू देत नाही गं. मीच किती समजावतो." आवाज इतका मऊ, जणू मला बरं वाटावं म्हणूनच बोलताहेत. पोळी तव्यावर करपली. तुझ्याशी मी भांडले, पण तू कधी माझ्याशी मऊ आवाजात खोटं बोलला नाहीस. तुझं खोटं नेहमी ओरडून असायचं.

तेव्हा तुझ्या चार ओळी मी तूर्तास खऱ्या धरते. तूर्तास.

माझ्यावर राग असावा म्हणावं तर तोही दिसत नाही. का करताहेत हे? घर विकायचंय? दुसरीकडे कुठे काही आहे? या वयात? देवासमोर बसते तर डोळे मिटल्यावर देव दिसत नाही, त्या दस्तातली ओळ दिसते. 'खुशीने'.

गुरुवारी कार्यालयात बोलावलं आहे. माझे गुडघे अचानक बरे झालेत असं मी जाहीर केलं, आणि मी स्वतः येते म्हटलं. हे गडबडले, पण नाही म्हणता येईना. तिथे काय करीन ते लिहीत नाही. तुझ्यावर पूर्ण भरवसा अजून बसलेला नाही, आणि तू दाजींना फोन लावशील.

— ताई


१६ मार्च, गुरुवार

ठेंगू,

झालं ते सांगते. तू तिथे नव्हतास म्हणून सगळं सांगते.

नवीन सदरा घालून हे तयार होते, मला रिक्षा केली. रिक्षा! चालत पोचायच्या अंतराला. वाटेत म्हणाले, साहेब विचारतील, मजकूर मान्य आहे का, तू हो म्हणायचं, मग फोटो आणि अंगठा. मी म्हटलं, बरं.

आत एक लांब टेबल, त्यावर फोटो काढायचं यंत्र मान वाकवून बसलेलं, अंगठा ठेवायची काच. दस्त लिहिणारी बाई दारापाशी उभी होती. तिने मला ओळख दिली नाही. शहाणी बाई. साहेब तरुण होते, मान खाली घालूनच बोलत होते. ह्यांचा फोटो झाला. ताठ बसले होते, लग्नातल्या फोटोतसुद्धा इतके ताठ नव्हते. मग साहेब म्हणाले, मान्यता देणार कोण? मी पुढे झाले. इथे सही करा, म्हणाले.

मी पेन घेतलं आणि विचारलं, "साहेब, मान्यता देणाराला मान्यता न द्यायचीही मुभा असते ना?"

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "असते. पण मग दस्त असाच पडून राहील."

"मग राहू द्या. मला मान्य नाही."

मी पेन खाली ठेवलं. ते घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं आणि साखळीला लटकलं. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, लवकर आवरा हो. साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं हे ओरडतील, हात धरतील, सही कर म्हणतील. ह्यांनी टेबलावरचे कागद गोळा केले, कडा जुळवल्या, दुकानात बिलं जुळवायचे तसे, आणि बाहेर चालू लागले.

परतताना रिक्षा नव्हती. मी मागून चालत होते. पुलाच्या कठड्यापाशी ते थांबले, आणि मी म्हटलं, एवढंच सांगा, घर विकायचं होतं का?

"नाही."

"मग मला काढायचं होतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तो प्रश्न परत गिळावासा वाटला. मग म्हणाले, "शिंपी काय म्हणतो मला? दूधवाला? तुझ्या बापाच्या घरात राहायला आलो तेव्हापासून सगळी गल्ली जावईबापू म्हणते. माझं नाव कुणाला माहीत आहे? जन्मभर दुसऱ्याचं लिहून घेतलं. एकदा स्वतःसाठी लिहून घेतलं, तर काय झालं?"

खरं सांगते, ठेंगू, एक क्षण वाटलं, परत जावं आणि सही करून टाकावी. माणूस काय मागत होता? एक पाटी. पण मग आठवलं, पाटी हवी होती तर माझ्याकडे मागता आली असती. मी नाही म्हटलं असतं, पण मागता तर आली असती. त्याऐवजी माझे गुडघे मोडले, तुला माझ्यावर चिडवलं, मला तुझ्यावर, आणि दोघांच्या मधल्या भिंतीवर आपलं नाव लिहायला गेले. भिंत आपणच बांधली होती, हेही खरं. त्यांनी फक्त जागा बघितली.

पुलावर मी माझी दोन पत्रं मागितली. त्यांनी नवीन सदऱ्याच्या आतल्या खिशातून काढून दिली. आज ती तिथे का होती ते मी विचारलं नाही. पाकिटं जशीच्या तशी, डिंक न उकलता. वाचली नव्हती. तेवढं माणूसपण शिल्लक होतं. या पत्राबरोबर ती घालते आहे. त्यात तुला बरंच वाईट लिहिलेलं आहे; वाच आणि सोडून दे. लिहिलेलं पुसता येत नाही, पण तुझ्या फुटपाथवर उभं राहण्याला मी मोजमाप म्हटलं, ते मागे घेते.

तुझ्या सहीचं काय होतं ते त्या बाईला विचारलं. म्हणाली, दस्त पुरा झाला नाही म्हणजे तुमच्या भावाचा वाटा तुमच्या भावाकडेच. तरी एकदा स्वतः येऊन खात्री करून घे. माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस, दाजींच्या तर नकोच. मीही यापुढे तुझ्याबद्दल काही ऐकायचं झालं तर तुझ्याकडूनच ऐकेन. तेही तपासून.

आता मी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. हे वर आलेले नाहीत. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेत, शिंपी दोनदा मशीन थांबवून डोकावून गेला. भात निवत चालला म्हणून मी जिन्यातून वाकून म्हटलं, वर या.

"कुणाच्या घरात?" म्हणाले.

तोंडून निघून गेलं, "माझ्या."

असं मी आजवर कधी म्हटलं नव्हतं. वडील होते तेव्हा वडिलांचं, मग तुझं-माझं, लोकांत बोलताना आमचं. शब्द जिन्यात घुमला. शिंप्यानेही ऐकला असणार, म्हणजे उद्या गल्लीने ऐकला. हे कठड्याला धरून उठले. त्यांची पावलं ऐकू येताहेत. ताट वाढायला उठायला हवं, त्याआधी एवढं लिहिते.

मी घाईत 'माझ्या' म्हणाले. अर्धं तुझं आहे. ते त्यांना सांगायचं राहिलं, पण तुला सांगते.

— ताई